नव्या टाइल्सच्या सांध्यांचा रंग जागोजागी वेगळा का दिसतो आणि तो कसा सुधारावा

संध्याकाळी सांधे भरून संपतात तेव्हा सगळीकडे एकच करडा रंग असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून पाहावे, तर उंबऱ्याजवळचे सांधे राखेसारखे फिकट झालेले, खोलीच्या मधला पट्टा गडद राहिलेला आणि भिंतीच्या कडेला तर एकाच सांध्यात वीतभर अंतरावर दोन छटा. पहिला संशय मालावर जातो. पाकीट जुने असेल, त्यात रंग कमी पडला असेल, दुकानातून दुसराच क्रमांक आला असेल, असे तर्क सुरू होतात. क्वचित तसे असतेही. मात्र सिमेंटच्या ग्राउटबाबत, म्हणजे सांध्यांत भरायच्या सिमेंटच्या मालाबाबत, मी आजवर पाहिलेल्या बहुतेक तक्रारींचा माग काढत गेल्यावर तो पाण्याशी येऊन थांबला आहे. कालवताना पाणी किती घातले, पुसताना किती लागले आणि ते सांध्यातून किती वेगाने व कोणत्या वाटेने बाहेर पडले, यावर अंतिम छटा ठरते. पावडरीतला रंग सगळीकडे सारखाच असतो. त्यावर पाण्याने काय आणून ठेवले ते जागोजागी वेगळे असते.

म्हणून दुरुस्तीची घाई करण्याआधी बिघाड कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे लागते. एकाच दिसणाऱ्या फिकट डागामागे चार वेगळी कारणे असू शकतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणावर केल्यास सांधा कायमचा खराब होतो. पुढील विवेचन सिमेंटच्या ग्राउटचे आहे. एपॉक्सी ग्राउट सिमेंटऐवजी राळेचे असते आणि त्याचा स्वभाव निराळा असल्यामुळे त्याविषयी शेवटाकडे थोडक्यात लिहिले आहे.

आधी वाळू द्या

ओले ग्राउट गडद दिसते आणि वाळलेले फिकट, हे सर्वांना ठाऊक असते. पण सगळी फरशी एकाच वेळी वाळत नाही हे लक्षात घेतले जात नाही. ज्या टाइलखालचे ॲडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा माल) अजून ओलसर आहे, त्या टाइलच्या चारही बाजूंचे सांधे खालून ओल ओढत राहतात आणि कित्येक दिवस गडद दिसतात. विट्रिफाइड टाइल ०.५ टक्के किंवा त्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे मोठ्या आकाराच्या विट्रिफाइड टाइलखालच्या ओलाव्याला बाहेर पडायला सांध्यांखेरीज वाट नसते. उलट भिंतीवरच्या सच्छिद्र सिरॅमिक टाइल्स १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकतात. तिथे सांध्यातले पाणी टाइलच्या कडेत शिरते आणि सांधा काही तासांत फिकट होतो. एकाच न्हाणीघरात भिंतीचे आणि जमिनीचे सांधे एकाच पाकिटातून भरूनही वेगळे दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

किमान सात दिवस, हवा दमट असेल तर दोन आठवडे, जागा उघडी आणि हवेशीर ठेवावी आणि मगच रंगाबद्दल मत बनवावे. या काळात फरशीवर प्लास्टिकचा कागद, पुठ्ठा किंवा फळी पसरून ठेवू नये. एका ठिकाणी रंगकाम चालू होते म्हणून नव्या फरशीवर प्लास्टिक अंथरले होते. ते उचलले तेव्हा त्याची कड जिथे होती तिथे सांध्यांवर सरळ रेघ उमटलेली होती, आतले सांधे गडद आणि बाहेरचे फिकट. प्लास्टिकखाली कोंडलेल्या पाण्याने सांध्यातला चुना इकडेतिकडे वाहून नेला होता. ती रेघ वाळल्यावर पुसट झाली, पण पूर्ण गेली नाही.

पाणी मारण्याची सवयही इथे तपासून घ्यावी. पाकिटावर ओलावा राखायला सांगितले असेल तर तो सगळीकडे सारखा राखावा, म्हणजे बारीक फवाऱ्याने संपूर्ण पृष्ठभाग हलका दमट करावा. मगने शिंपडलेले पाणी जिथे साचते तिथे डाग पडतो, जिथे पोहोचत नाही तिथे पडत नाही, आणि नंतर दोष मालाला दिला जातो.

कापसाचा बोळा आणि चाकूचे टोक

फरशी वाळल्यानंतर दोन साध्या चाचण्या कराव्यात. त्यांना पाच मिनिटे पुरतात आणि बहुतेक निदान त्यातच होते.

पहिली चाचणी पाण्याची. एक फिकट आणि एक गडद जागा निवडावी, कापसाचा ओला बोळा दोन्ही ठिकाणी सांध्यावर टेकवावा आणि पाणी मुरायला अर्धा मिनिट द्यावा. ओले झाल्यावर दोन्ही जागा एकाच रंगाच्या दिसू लागल्या, तर आतला रंग सारखाच आहे आणि फरक वरच्या पातळ थराचा किंवा पृष्ठभागाच्या सच्छिद्रपणाचा आहे. सांध्यातून वर आलेल्या पांढरट क्षाराचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि खालचा खरा रंग डोकावतो. वाळला की थर पुन्हा पांढरा. ओले केल्यावरही एक जागा दुसरीपेक्षा स्पष्ट फिकट राहिली, तर सांध्याच्या अंगातच फरक आहे, म्हणजे निराळ्या तुकडीचा माल, कमी खोलीचा सांधा किंवा खूप पातळ कालवलेले ग्राउट यांपैकी काहीतरी आहे. तिसरी शक्यता अशी की फिकट जागा पाणी झटकन पिते आणि गडद जागेवर थेंब तसाच बसून राहतो. तिथे गडद भागावर कसला तरी थर आहे असे समजावे. टाइलवरचे मेणाचे संरक्षण, सीलरचा (पाणी व डाग आत मुरू नयेत म्हणून लावायच्या द्रवाचा) ओघळ किंवा ॲडहेसिव्हमधला पॉलिमर, यांपैकी काहीही तो असू शकतो.

दुसरी चाचणी खरवडण्याची. चाकूच्या टोकाने फिकट जागी तांदळाच्या दाण्याएवढा भाग हलकेच खरवडावा. खाली लगेच मूळ रंग दिसला तर दोष वरवरचा आहे आणि सुटण्यासारखा आहे. खाली पांढरे किंवा वेगळ्या पोताचे काही लागले तर ते टाइल बसवताना सांध्यात वर आलेले ॲडहेसिव्ह आहे, त्यावर ग्राउटचा केवळ मुलामा बसला आहे. आणि चाकू लावताच भुकटी गळत राहिली, एक-दोन मिलिमीटर खोल जाऊनही कठीण लागले नाही, तर रंगाचा प्रश्न दुय्यम ठरतो. ते ग्राउट कमजोर आहे आणि आज ना उद्या निघणारच आहे.

काही जण व्हिनेगरचा थेंब टाकून फेस आला की क्षार असल्याचे ठरवतात. या चाचणीवर माझा विश्वास नाही. पुष्कळ ग्राउटमध्ये चुनखडीची भुकटी भर म्हणून घातलेली असते आणि तिच्यावरही तसाच फेस येतो. म्हणजे निर्दोष सांधाही दोषी ठरतो.

एक गोष्ट पाहायची राहून जाते, ती म्हणजे उजेड. खिडकीकडे तोंड करून पाहिल्यावर जो सांधा फिकट दिसतो, तोच खिडकीकडे पाठ करून पाहिल्यावर गडद दिसत असेल, तर तिथे रंगात फरक नाही, पोतात आहे. गुळगुळीत दाबलेला सांधा आणि स्पंजने खरबरीत झालेला सांधा प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परततात. भिंतीच्या कडेला किंवा कोपऱ्यात सिलिकॉनचा सांधा भरलेला असेल तर तोही, रंगक्रमांक एकच असूनही, किंचित तुकतुकीत असल्यामुळे वेगळा भासतो. त्याला दोष म्हणता येणार नाही. तो तिथे हलत्या जोडासाठी मुद्दाम असतो आणि त्याच्या जागी ग्राउट भरल्यास तडा जातो.

डाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो

डागाचा रंग जितके सांगतो त्याहून त्याची हद्द अधिक सांगते. उभे राहून संपूर्ण फरशी पाहावी आणि शक्य असल्यास कागदावर तिचा ढोबळ आराखडा काढून गडद-फिकट भाग खुणावून घ्यावेत.

खोलीच्या आडव्या रेषेत, एका ओळीपासून पुढे सगळेच सांधे बदलले असतील, तर तिथे एक घमेले संपून दुसरे सुरू झाले आहे. दोन पाकिटांचे तुकडी क्रमांक वेगळे असू शकतात, किंवा दुसऱ्या घमेल्यात पाणी जास्त पडले असू शकते. रिकामी पाकिटे टाकून दिली नसतील तर पहिली शंका लगेच मिटते. बदल एकदम न होता हळूहळू होत गेला असेल, म्हणजे सुरुवातीच्या ओळी गडद आणि पुढे क्रमाने फिकट, तर घट्ट होत चाललेल्या मालात मधूनमधून पाणी घालून तो मऊ करण्यात आला आहे. मी एकदा शेजारी उभे राहून हे पाहिले आहे. मिस्त्रींचा हात उत्तम होता, सांधे भरलेही छान जात होते. पण घमेल्यातला माल आवळू लागला की मदतनीस मगमधून पाण्याची एक धार सोडी आणि करणीने दोन फेर मारी. तासाभरात अशा चार धारा पडल्या. दोन दिवसांनी फरशीवर त्या चारही धारा मोजता येत होत्या.

सांध्यांच्या चौफुल्यांवर ठरावीक अंतराने अधिकाच्या चिन्हासारखे फिकट ठसे दिसत असतील तर टाइल्समध्ये सारखे अंतर राखणारे प्लास्टिकचे स्पेसर काढायचे राहून गेले आहेत आणि त्यांच्यावर ग्राउटचा पापुद्रा बसला आहे. सांध्याच्या मध्यभागी एक छटा आणि टाइलला लागून दोन्ही बाजूंना दुसरी असेल तर टाइलच्या कडांनी पाणी शोषले आहे. अर्धवर्तुळाकार फराटे स्पंजाचे असतात. खिडकीसमोरचा किंवा पंख्याखालचा पट्टा फिकट असेल तर तिथे सांधे भरल्यावर काही तासांतच वाळले आहेत. फरशीच्या जाळीभोवती, नळाच्या कोपऱ्यात किंवा बाहेरच्या भिंतीलगत गडद रंग हटतच नसेल, आणि महिनाभरानेही तसाच असेल, तर ग्राउट विसरून आधी पाण्याची गळती शोधावी. खालून ओल येत राहिली तर वर कोणताही उपाय टिकणार नाही.

पाणी जास्त झाले की नेमके काय होते

पाकिटावर १ किलो पावडरीला २५० मिलिलिटर पाणी सांगितले आहे असे धरू. अंदाजाने घातलेल्या पाण्यात ५० मिलिलिटर, म्हणजे दोन-चार घोट, जास्त पडले तर ते प्रमाण एकदम २० टक्क्यांनी वाढते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागणारे पाणी तेवढेच असते. उरलेले पाणी वर येऊन उडून जाते आणि जाताना मागे बारीक छिद्रे ठेवते. छिद्रे जास्त असलेला पृष्ठभाग प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून फिकट दिसतो. शिवाय सिमेंट पाण्याशी संयोग पावते तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. वर येणारे पाणी तो सोबत आणते, पाणी उडते, चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि सांध्यावर पांढरट पापुद्रा धरतो. भिंतीला लोणा लागतो त्याचेच हे धाकटे भावंड आहे.

यावरून आणखी एक गोष्ट उलगडते. पांढऱ्या किंवा फिक्या बदामी सांध्यांच्या तक्रारी कमी येतात आणि काळ्या, गडद तपकिरी, गडद करड्या सांध्यांच्या जास्त, कारण तोच पापुद्रा पांढऱ्यावर दिसत नाही आणि काळ्यावर राख फासल्यासारखा दिसतो. गडद रंगासाठी वापरलेले लोहाचे ऑक्साइड हे टिकाऊ रंगद्रव्य आहे; ते आठवड्यात उडून जात नाही. 'रंग उडाला' असे आपण म्हणतो तेव्हा तो बहुधा झाकलेला असतो.

पुसतानाचे पाणी हा याच बिघाडाचा दुसरा दरवाजा आहे आणि माझ्या मते अधिक मोठा. सांधा भरल्यावर स्पंज लगेच फिरवला, किंवा नीट पिळला नाही, तर ताज्या सांध्याच्या वरच्या थरातले सिमेंट व रंग धुपून स्पंजात येतो आणि बादलीतले पाणी रंगीत होते. ती बादली न बदलता पुढे तेच पाणी फिरवले की एका जागचा रंग दुसऱ्या जागी पातळ लेपासारखा बसतो. पुसण्याची वेळ घड्याळाने ठरवू नये. बोट हलके टेकवल्यावर ठसा उमटतो पण बोटाला माल चिकटत नाही, ही ती वेळ. हवामानानुसार ती पंधरा मिनिटांत येते, कधी अर्ध्या तासाने.

ओला सांधा लवकर आवळावा म्हणून वरून कोरडी पावडर भुरभुरवून घासण्याची एक पद्धत आहे. ती बंदच करावी. वरच्या थरात पाण्याचे प्रमाण एकदम घटते, तो खालच्याशी एकजीव होत नाही, काही दिवस गडद व सुंदर दिसतो आणि पुढे खपल्या धरून निघतो.

दुरुस्ती: सौम्यापासून सुरुवात

पाण्याच्या चाचणीत दोन्ही जागा सारख्या दिसल्या असतील तर पहिला प्रयत्न केवळ धुण्याचा करावा. कोमट पाण्यात उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही, असा टाइल क्लीनर घालून नायलॉनच्या ब्रशने सांध्याच्या दिशेने घासावे, मळलेले पाणी लगेच टिपून घ्यावे आणि स्वच्छ पाण्याने दोनदा पुसावे. तारेचा ब्रश वापरू नये. तो ग्राउट ओरखडतो आणि लोखंडाचे कण मागे ठेवून गंजाचे डाग पाडतो. टाइलवर राहिलेला सिमेंटचा धूसर थर आणि सांध्यावर पसरलेला पातळ लेप पुष्कळदा एवढ्यानेच निघतो. एक चौरस फूट भाग घासून, दोन दिवस वाळू देऊन पाहावा. फरक पडला तर पुढे उरलेली खोली करावी.

एवढ्याने पांढरेपणा गेला नाही आणि तो क्षाराचाच आहे याची खात्री झाली, तर सौम्य आम्लाचा वापर करता येतो. सल्फॅमिक आम्लावर आधारित सिमेंट रिमूव्हर यासाठी मिळतात. इथे घाई महाग पडते. ग्राउट किमान दहा दिवसांचे झालेले असावे, आणि उत्पादकाने अधिक मुदत सांगितली असेल तर तीच पाळावी. आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यावेत, म्हणजे आम्ल आत न शिरता वरच काम करते. मिश्रण सांगितले आहे त्यापेक्षा दाट करू नये. छोट्या भागावर लावून, एक-दोन मिनिटांत ब्रश फिरवून, लगेच भरपूर पाण्याने धुवावे आणि शेवटी खाण्याच्या सोड्याचे पातळ पाणी फिरवून उरलेसुरले आम्ल मारावे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, खिडकी उघडी हवी, आणि त्या जागी ब्लीच वापरलेले असेल तर ते पूर्ण धुऊन निघाल्याशिवाय आम्लाला हात लावू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. संगमरवर, चुनखडीचा दगड आणि टेराझो यांवर आम्ल चालतच नाही. सांधा सुधारेल, पण दगडाची झिलई जाईल.

शौचालय साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून सांधे 'एकदम स्वच्छ' झाल्याचे अनेक जण सांगतात. ते झालेले असतात हे खरे. वरचे सिमेंट विरघळून गेलेले असते आणि खालची उघडी पडलेली बारीक वाळू स्वच्छ दिसते. महिन्याभरात त्याच खरबरीत पृष्ठभागात मळ बसतो आणि आधीपेक्षा वाईट डाग दिसतात. फिकट सांध्यांवर काही वेळा पिवळसर छटाही उरते. सौम्य आम्लही दोनपेक्षा अधिक वेळा लावावे लागत असेल तर निदान चुकले आहे असे समजून तिथेच थांबावे.

सांधा कठीण आहे, खोली पुरेशी आहे, पण रंग अंगातच वेगळा आहे, अशा वेळी ग्राउट कलरंट हा सर्वांत समंजस मार्ग आहे. हा पाण्यात मिसळणाऱ्या पॉलिमरचा अपारदर्शक रंग असतो. साध्या भिंतीच्या रंगाशी किंवा फरशीच्या सीलरशी त्याची गल्लत करू नये. सांधे स्वच्छ धुतलेले, पूर्ण वाळलेले आणि सीलर न लावलेले असावे लागतात. अरुंद ब्रशने सांध्यात घासून भरावा आणि टाइलवर आलेला रंग काही मिनिटांत ओल्या फडक्याने पुसावा. चकचकीत टाइलवर हे सोपे जाते. ग्लेज नसलेल्या सच्छिद्र टाइलवर मात्र तो टाइलच्या अंगात शिरतो, म्हणून आधी शिल्लक तुकड्यावर पाहावे. छटा निवडताना सध्याच्या सर्वांत गडद भागाइतकी किंवा त्याहून किंचित गडद घ्यावी, म्हणजे झाकणे एका हातात होते. फक्त डागांवर ठिगळे लावू नयेत. भिंतीपासून भिंतीपर्यंत संपूर्ण जागा करावी, नाहीतर गडद-फिकटाच्या जागी मॅट-चमकदार असा नवा वाद सुरू होतो.

सीलर लावल्यावर सगळे सारखे दिसेल ही आशा मात्र सोडावी. आत मुरणारा सीलर रंग बदलत नाही. रंग खुलवणारा सीलर सगळ्याच छटा गडद करतो आणि त्यांच्यातला फरक उलट ठळक करतो. शिवाय एकदा सीलर बसला की खाली राहिलेला क्षार धुता येत नाही आणि कलरंटही धरत नाही.

ॲडहेसिव्ह वर आलेले असेल, स्पेसर आत राहिले असतील किंवा सांधा भुसभुशीत असेल, तर उकरून पुन्हा भरण्याला पर्याय नाही. टाइलच्या जाडीच्या किमान दोन तृतीयांश खोलीपर्यंत, म्हणजे ९ मिलिमीटरच्या टाइलला सुमारे ६ मिलिमीटर, सांधा मोकळा करावा. हाताच्या ग्राउट करवतीने वेळ लागतो, पण टाइलची कड वाचते; यंत्र वापरायचे झाल्यास पुढेमागे थरथरणारे पाते घ्यावे, फिरती चकती नको. धूळ व्हॅक्यूमने काढावी; काम करताना मास्क लावावा, कारण त्या धुळीत सिलिका असते. आणि नवे ग्राउट दोन-चार सांध्यांपुरते न भरता दार, कोपरा किंवा भिंत अशा नैसर्गिक हद्दीपर्यंत भरावे. अर्ध्या खोलीतले जुने आणि अर्ध्यातले नवे हे एकाच पाकिटातले असले तरी जुळत नाही.

एपॉक्सी असेल तर

एपॉक्सी ग्राउटमध्ये पाण्याची भूमिका नसते, त्यामुळे वरचे बहुतेक निदान तिथे लागू होत नाही. तिथे फरक पडतो तो डब्यांतले भाग, म्हणजे राळ आणि तिला कडक करणारा द्रव, पूर्ण न ओतल्यामुळे, अर्धा संच अंदाजाने कालवल्यामुळे किंवा फिलर (भर म्हणून घालायची पावडर) कमी-जास्त झाल्यामुळे. वर राहिलेला चिकट पातळ थर धूळ ओढून काळवंडतो. तो शक्यतो पहिल्या २४ तासांत, त्याच उत्पादकाच्या एपॉक्सी रिमूव्हरने काढावा. सिमेंटवर चालणारे सौम्य आम्ल इथे काहीच करत नाही. थेट उन्हात येणारे फिकट एपॉक्सी कालांतराने पिवळसर होते आणि ते धुऊन परत येत नाही.

पुन्हा भरताना

उकरून झाल्यावर, किंवा दुसऱ्या खोलीचे काम सुरू करताना, पुढील काळजी घेतल्यास तीच कथा पुन्हा घडत नाही. सर्व पाकिटांचे तुकडी क्रमांक जुळवून घ्यावेत. जुळत नसतील तर कोरडी पावडर एका मोठ्या टबात एकत्र करावी. अर्धे पाकीट वापरायचे असेल तर संपूर्ण पावडर आधी कोरडीच हलवून घ्यावी, कारण वाहतुकीत जड आणि हलके कण वेगळे होतात, आणि मग ती वजन करून घ्यावी. पाणी मापाच्या भांड्याने मोजावे आणि भांड्यावर रेघ मारून ठेवावी, म्हणजे प्रत्येक घमेल्याला तीच रेघ. कालवण्याचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाकडे द्यावे. ड्रिलला पंखा लावून कालवत असाल तर वेग कमी ठेवावा, जास्त वेगाने हवा शिरते. कालवल्यावर पाच ते दहा मिनिटे तसेच ठेवून पुन्हा एकदा, पाणी न घालता, ढवळावे. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढेच करावे आणि घट्ट झालेला माल टाकून द्यावा. फेकलेल्या मूठभर मालाचे कोणाला वाईट वाटत असेल तर त्याला वर सांगितलेल्या चार धारांची फरशी दाखवावी.

ॲडहेसिव्हला किमान २४ तास, मोठ्या टाइल्सखाली त्याहून अधिक, वाळू द्यावे. सांध्यांतला वर आलेला माल आदल्या दिवशीच, ओला असताना, काढून खोली सारखी करावी. सच्छिद्र टाइलच्या कडा ओल्या स्पंजने दमट कराव्यात, पण सांध्यात पाणी साचू देऊ नये. खिडकीवर पडदा ओढावा, पंखा बंद ठेवावा. पुसायला दोन बादल्या घ्याव्यात, एक धुण्याची आणि एक विसळण्याची. स्पंज दाबला तरी पाणी टपकणार नाही इतका पिळावा, सांध्याला तिरका फिरवावा, प्रत्येक बाजू एकदाच वापरावी.

रंग निवडताना छापील तक्ता पुरेसा मानू नये. टाइलचे दोन शिल्लक तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून, मोजलेल्या पाण्याने कालवलेले तेच ग्राउट त्यांच्या मधे भरावे आणि आठवडाभर त्याच खोलीत ठेवावे. तो नमुना नंतर फेकू नये. शिल्लक पावडर हवाबंद डब्यात घालून, वर तुकडी क्रमांक आणि १ किलोला घातलेल्या पाण्याचे माप लिहून, नमुन्याचा तुकडा त्याच डब्यासोबत ठेवावा. एखादी टाइल बदलायची वेळ आली की पावडर अजून भुसभुशीत आहे की गोळे धरले आहेत ते पाहून, आधी त्या तुकड्याशेजारी थोडे भरून, वाळवून, छटा जुळते का ते पाहता येते.